अनुदान सरकारचं, पण बिल कोणाच्या नावाने? प्रशिक्षण सेवा आणि जीएसटी

सरकारी पैशातून होणाऱ्या प्रशिक्षणाला जीएसटी लागत नाही, असं प्रशिक्षण संस्थांमध्ये सर्रास म्हटलं जातं. हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी चांगल्या चांगल्या संस्था तीन-चार वर्षांनी नोटिशीला उत्तर देत बसतात. सेवा कोणाला दिली, हा पहिला प्रश्न. पैसा कोणाचा, हा दुसरा. बहुतेक लोक दुसऱ्यापासून सुरुवात करतात आणि पहिला विचारायचाच राहून जातो.

मूळ स्थिती अशी: प्रशिक्षण ही करपात्र सेवा आहे आणि दर १८ टक्के. सेवा शीर्ष (सेवांच्या वर्गीकरणातला क्रमांक) ९९९२, त्यात व्यावसायिक प्रशिक्षण आणि कोचिंग ९९९२९३ मध्ये येतं. कर लागत नाही असं म्हणायचं तर सूट दाखवून द्यावी लागते, आणि ती जबाबदारी सेवा देणाऱ्याची. ही सूट आहे २८ जून २०१७ च्या अधिसूचना क्रमांक १२/२०१७–केंद्रीय कर (दर) मध्ये. राज्य करासाठी राज्याची समांतर अधिसूचना आहे, आणि आंतरराज्य पुरवठ्यासाठी ९/२०१७–एकात्मिक कर (दर). तिथे मजकूर तोच असला तरी नोंदींचे अनुक्रमांक वेगळे आहेत. त्यामुळे नागपूरच्या संस्थेने गोवा शासनाला सेवा देताना बिलावर डोळे झाकून “नोंद ७२” छापू नये.

नोंद ७२ काय म्हणते

केंद्र सरकार, राज्य सरकार किंवा केंद्रशासित प्रदेश प्रशासन यांना, कोणत्याही प्रशिक्षण कार्यक्रमाखाली दिलेल्या सेवा, ज्या कार्यक्रमाचा ७५ टक्के किंवा अधिक खर्च हीच सरकारं उचलतात, त्या करमुक्त. सुरुवातीला इथे “संपूर्ण खर्च” असे शब्द होते. १७ सप्टेंबर २०२१ च्या लखनौच्या बैठकीत जीएसटी परिषदेने शिफारस केली आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून ७५ टक्के झालं. जुन्या वर्षांच्या नोटिशीला उत्तर लिहिताना ही तारीख विसरू नका. सप्टेंबर २०२१ मध्ये प्रशिक्षणार्थ्यांकडून नाममात्र शुल्क घेतलं असेल, तर त्या काळाला १०० टक्क्यांचीच कसोटी लागते.

आता नोंदीत कोण नाही ते पाहा. स्थानिक प्राधिकरण नाही. महामंडळ नाही. सोसायटी नाही, विद्यापीठ नाही, अनुदानित महाविद्यालय नाही. “कोणताही प्रशिक्षण कार्यक्रम” हे शब्द मात्र फार मोकळे आहेत. बेरोजगार तरुणांचं प्रशिक्षण असो की मंत्रालयातल्या कर्मचाऱ्यांचं संगणक प्रशिक्षण, विषयावर बंधन नाही. बंधन आहे ते सेवा घेणाऱ्यावर आणि खर्चाच्या वाट्यावर.

इथेच खरी अडचण सुरू होते, कारण महाराष्ट्रात सरकारी प्रशिक्षणाचं बरंचसं काम विभाग स्वतः करत नाहीत, त्यांनी उभ्या केलेल्या संस्था करतात. यशदा ही सोसायटी आहे. सारथी आणि महाज्योती या कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या ना-नफा कंपन्या आहेत. ग्रामीण जीवनोन्नती, कौशल्य विकास, समग्र शिक्षा यांची राज्यस्तरीय कामंही सोसायट्यांमार्फत चालतात. संचालक मंडळावर सचिव बसतात, पैसा अर्थसंकल्पातून येतो, कार्यालयावर राजमुद्रा असते. तरी कायद्याच्या नजरेत ती संस्था वेगळी व्यक्ती आहे. शंभर टक्के अनुदानाने संस्था “सरकार” होत नाही, जसं शंभर टक्के वेतन अनुदान मिळालं म्हणून खाजगी शाळा सरकारी होत नाही.

यावर एक उत्तर हमखास येतं: “अहो, ते तर आमच्या बिलातून जीएसटीचा टीडीएस कापतात, म्हणजे ते सरकारच.” नाही. कलम ५१ खाली टीडीएस कोणी कापायचा याची यादी मुद्दामच रुंद आहे. त्यात सरकारी विभाग आणि स्थानिक प्राधिकरणं आहेतच, शिवाय ५१ टक्के किंवा अधिक सरकारी सहभागाची मंडळं, सरकारने स्थापलेल्या सोसायट्या आणि सार्वजनिक उपक्रमही आहेत. सूट देणाऱ्या अधिसूचनेत “सरकारी प्राधिकरण” आणि “सरकारी संस्था” यांच्या व्याख्या आहेत, त्यांना ९० टक्के सहभाग किंवा नियंत्रण लागतं. आणि नोंद ७२ मध्ये या दोन्हींपैकी एकही शब्द नाही, तिथे निव्वळ सरकार. एकाच कायद्याच्या छत्राखाली तीन वेगळी मापं आहेत. एकाचा आकडा दुसऱ्याला लावता येत नाही.

सोसायटीमार्फत काम असेल तर रस्ता आहे का?

आहे, पण तो कागदावर बांधावा लागतो. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम २(९३) मध्ये “प्राप्तकर्ता” म्हणजे मोबदला देण्यास जो बांधील आहे तो, अशी व्याख्या आहे. त्याच कलमाच्या शेवटी असंही आहे की प्राप्तकर्त्याच्या वतीने काम करणारा एजंट त्यात येतो. म्हणून शासन निर्णयात अमुक योजना विभागाची आहे, संस्था ती विभागाच्या वतीने राबवणारी अंमलबजावणी यंत्रणा आहे, निधी केवळ या योजनेसाठी वर्ग होतो आणि शिल्लक शासनाला परत जाते, असं स्पष्ट असेल, तर सेवा सरकारलाच दिली असं म्हणायला भक्कम आधार मिळतो. त्रिपक्षीय करार असेल तर आणखी बरं. उलट संस्थेने आपल्या सर्वसाधारण अनुदानातून, स्वतःच्या अधिकारात, स्वतःच्या नावाने निविदा काढली, बिल स्वतःच्या नावे मागितलं आणि करारात शासनाचा उल्लेखच नसेल, तर नोंद ७२ चा दावा लंगडा पडतो.

दुसरा आधार म्हणजे ६ ऑक्टोबर २०२१ चं परिपत्रक १६४/२०/२०२१. दिव्यांग विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीच्या केंद्रीय योजनेखाली कोचिंग देणाऱ्या संस्था आणि स्वयंसेवी संस्थांचा प्रश्न त्यात होता. प्रत्यक्षात शिकवणी विद्यार्थ्यांना दिली जाते, पैसा सरकार देतं. एकूण खर्च सरकारचा असल्याने ही सेवा नोंद ७२ मध्ये येते, असं परिपत्रकाने सांगितलं. याचा अर्थ, समोर बसलेला लाभार्थी सामान्य माणूस आहे एवढ्यावरून अधिकारी सूट नाकारू शकत नाही. पण परिपत्रक एका ठरावीक योजनेबद्दल आहे. ते सगळ्या अनुदानित संस्थांना लागू आहे असं धरून चालणं धोक्याचं. युक्तिवादात वापरा, दर ठरवताना त्यावर भिस्त ठेवू नका.

जिल्हा परिषद आणि महापालिका: इथे नोंद ३

जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका या स्थानिक प्राधिकरणात मोडतात, म्हणून त्यांना नोंद ७२ लागत नाही. त्यांच्यासाठी नोंद ३ आहे: राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३छ खाली पंचायतीकडे किंवा २४३ब खाली नगरपालिकेकडे सोपवलेल्या कामांच्या संबंधात केंद्र, राज्य, केंद्रशासित प्रदेश किंवा स्थानिक प्राधिकरणाला दिलेली शुद्ध सेवा. अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांपैकी १७ वा शिक्षण, १८ वा तांत्रिक प्रशिक्षण आणि व्यवसाय शिक्षण, १९ वा प्रौढ आणि अनौपचारिक शिक्षण, २५ वा महिला व बालविकास. बचत गटातल्या महिलांना शिवणकाम किंवा अन्नप्रक्रिया शिकवायचं काम जिल्हा परिषदेने दिलं, तर ते इथे नीट बसतं. खर्चाच्या ७५ टक्क्यांची अट नोंद ३ ला नाहीच, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. राज्याच्या विभागाने असंच प्रशिक्षणाचं काम दिलं तर दोन्ही नोंदी उपलब्ध होतात, आणि खर्चात सरकारचा वाटा कमी पडत असेल तर नोंद ३ तपासून पाहावी.

पण या नोंदीला दोन काटे आहेत. पहिला: १ जानेवारी २०२२ पासून तिच्यातून “सरकारी प्राधिकरण” आणि “सरकारी संस्था” हे शब्द काढून टाकले. त्या तारखेआधी सोसायट्या आणि महामंडळांना नोंद ३ खाली सूट मिळू शकत होती, नंतर नाही. कितीतरी संस्थांच्या बिलांचा नमुना अजून २०१९ चाच आहे. जुन्या ग्राहकाला जुन्याच पद्धतीने बिल जात राहतं आणि कोणी पुन्हा अधिसूचना उघडत नाही. दुसरा: “शुद्ध सेवा” म्हणजे त्यात वस्तूंचा पुरवठा नको. शिवणकामाच्या प्रशिक्षणासोबत कात्री, कापड आणि साहित्यसंच द्यायचा असेल तर ती शुद्ध सेवा राहत नाही. मग नोंद ३अ पाहायची. तिथे वस्तूंचं मूल्य एकूण संयुक्त पुरवठ्याच्या (वस्तू आणि सेवा मिळून) २५ टक्क्यांपर्यंत चालतं. १० लाखांच्या कामात साहित्य २ लाख २० हजारांचं असेल तर सूट टिकते, २ लाख ८० हजारांचं झालं तर सगळ्या कामाची सूट जाते. म्हणून अंदाजपत्रकात साहित्याची किंमत वेगळ्या ओळीत लिहा आणि खरेदीची बिलं त्याच फाइलमध्ये ठेवा. प्रत्येक महिलेला शिलाई मशीनच द्यायचं असेल, तर मशीनची खरेदी विभागाने वेगळ्या निविदेने करणं सगळ्यांच्याच सोयीचं.

कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाबाबत थोडं जपून. महापालिकेच्या लिपिकांना संगणक शिकवणं हे २४३ब च्या कोणत्या कामाशी जोडलेलं आहे, हे कार्यादेशातून दिसलं पाहिजे. घनकचरा व्यवस्थापनाच्या कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण सहज जोडता येतं. साधं इंग्रजी संभाषण जोडताना दमछाक होते.

कौशल्य योजना वेगळ्या रांगेत आहेत. राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळाच्या योजनांसाठी नोंद ६९ आहे. १० ऑक्टोबर २०२४ पासून ती नव्याने लिहिली गेली आणि राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषदेने मान्यता दिलेल्या प्रमाणन संस्था, मूल्यांकन संस्था आणि त्यांच्याशी संलग्न प्रशिक्षण संस्था तिच्यात आल्या. त्या बदलात महामंडळाने मान्यता दिलेले प्रशिक्षण भागीदार गळाले होते. १६ जानेवारी २०२५ पासून त्यांना पुन्हा घेतलं आणि मधल्या काळाचा प्रश्न २८ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकाने निकालात काढला. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेच्या अंमलबजावणी संस्थांसाठी नोंद ७१ आहे. या नोंदींची गंमत अशी की इथे सेवा कोणाला दिली यापेक्षा सेवा देणारा कोण आणि कोणत्या योजनेखाली, हे पाहिलं जातं. त्यामुळे राज्याच्या सोसायटीचं काम असलं तरी अभ्यासक्रम आणि मान्यता या चौकटीत बसत असतील तर सूट मिळू शकते. सोसायटीशी व्यवहार करणाऱ्यांनी नोंद ७२ वर अडून बसण्याआधी ही दारं ठोठावावीत.

७५ टक्के मोजायचे कसे

हे मोजमाप कार्यक्रमाच्या खर्चाचं आहे, तुमच्या बिलाचं नाही. ४० जणांची तुकडी, माणशी १२,००० रुपये, एकूण ४,८०,०००. सरकार ३,८४,००० देतं, म्हणजे ८० टक्के, कसोटी पार. बाकी ९६,००० प्रशिक्षणार्थी देतात. हे ९६,००० कोणी गोळा केले, याला महत्त्व आहे. तुमच्या संस्थेने प्रशिक्षणार्थ्यांकडून थेट शुल्क घेऊन त्यांना पावती दिली, तर त्या रकमेपुरती सेवा प्रशिक्षणार्थ्याला दिली असं अधिकारी म्हणू शकतो आणि तेवढ्यावर १८ टक्के मागू शकतो. शुल्क विभागाच्या खात्यात जमा होऊन विभागाने पूर्ण ४,८०,००० तुम्हाला दिले, तर प्रश्नच उरत नाही. करार लिहितानाच ही व्यवस्था करून घ्यावी.

केंद्र ६०, राज्य ४० अशा योजनांत दोन्ही वाटे सरकारचेच, ते एकत्र धरायचे. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून आलेला पैसा सरकारचा नाही, मग ती कंपनी सार्वजनिक क्षेत्रातली का असेना. महापालिकेने स्वतःच्या उत्पन्नातून घातलेला वाटाही या नोंदीच्या शब्दांत बसत नाही. वाटा ७० टक्क्यांवर आला तर सूट अंशतः मिळत नाही, पूर्ण जाते.

कार्यादेश हातात आला की

तो खाली ठेवण्याआधी पाच गोष्टी पाहा: आदेश देणाऱ्याचं कायदेशीर नाव, शासन निर्णयाचा क्रमांक आणि दिनांक, लेखाशीर्ष, निधीचं प्रमाण, आणि कराबद्दलचं वाक्य. शेवटचं वाक्य सगळ्यात महाग पडतं. “दर सर्व करांसह” असं लिहिलेलं असतं आणि संस्थेला वाटतं की कर नाहीच, तर बिघडलं कुठे. उद्या सूट नाकारली गेली तर तो कर तुमच्या खिशातून जाणार. त्याऐवजी असं वाक्य मागा: “दर जीएसटीशिवाय आहेत. ही सेवा करपात्र ठरल्यास त्यावेळचा जीएसटी कार्यालय अतिरिक्त अदा करेल.” प्रत्येक कार्यालय हे मान्य करत नाही, तरी निविदापूर्व बैठकीत लेखी प्रश्न तरी विचाराच. त्याचं उत्तर शुद्धिपत्रकात येतं आणि पुढे कामाला येतं.

आता दराचा हिशेब, कारण करमुक्त म्हणजे स्वस्त असं समजून अनेक जण तोट्यात दर भरतात. समजा पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला सभागृह आणि संगणक भाड्याने २ लाख अधिक ३६,००० जीएसटी, मनुष्यबळ पुरवठादाराचे १ लाख अधिक १८,०००, आणि नोंदणी नसलेल्या प्रशिक्षकांचं मानधन ३ लाख. खर्च ६ लाख, त्यावर दिलेला कर ५४,०००. काम करपात्र असेल तर ७ लाख अधिक १,२६,००० असं बिल करता, ५४,००० चं क्रेडिट घेता (म्हणजे खर्चावर दिलेला कर बिलातल्या करातून वजा करता) आणि १ लाख सुटतात. काम करमुक्त असेल तर क्रेडिट मिळत नाही. ७ लाखांचाच दर भरला तर हातात राहतात ४६,०००. तेवढाच नफा हवा असेल तर दर ७,५४,००० हवा. सरकारलाही तो ८,२६,००० पेक्षा ७२,००० रुपयांनी स्वस्तच पडतो.

याच ७,५४,००० च्या कामाची सूट तीन वर्षांनी नाकारली गेली, तर रक्कम करासहित धरून १८/११८ ने मागे जाता येतं (नियम ३५), म्हणजे कर सुमारे १,१५,०१७ रुपये. त्यावर दर साल १८ टक्के व्याज आणि दंडाची शक्यता. आणि तेव्हा ते ५४,००० चं क्रेडिट मागायला गेलात तर मुदत संपलेली असते, कारण क्रेडिट पुढच्या आर्थिक वर्षाच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, यांत जे आधी, तेवढ्यातच घेता येतं. नोटिशीला उत्तर देताना १८/११८ चा मुद्दा आवर्जून मांडा. अधिकारी बऱ्याचदा सरळ १८ टक्के लावतात आणि ७,५४,००० वर १,३५,७२० मागतात.

संस्थेची काही कामं करपात्र आणि काही करमुक्त असतील तर सामायिक क्रेडिटचा (दोन्ही कामांसाठी मिळून झालेल्या खर्चांवरच्या कराचा) हिशेब नियम ४२ ने दर महिन्याला करायचा. महिन्याची उलाढाल २० लाख, त्यात करमुक्त १२ लाख, कार्यालयाचं भाडं, लेखापरीक्षण, इंटरनेट अशा खर्चांवरचं सामायिक क्रेडिट ९०,००० असेल, तर ५४,००० परत करायचे आणि जीएसटीआर-३बी या विवरणपत्राच्या तक्ता ४(ब)(१) मध्ये दाखवायचे. वर्षअखेरीस पूर्ण वर्षाच्या आकड्यांवर पुन्हा ताळा घ्यायचा. मोठी सरकारी बिलं मार्चमध्ये निघतात, त्यामुळे महिन्यांचं गुणोत्तर आणि वर्षाचं गुणोत्तर यांत मोठा फरक पडतो. संगणक, प्रोजेक्टर अशा भांडवली वस्तूंसाठी नियम ४३ वेगळा आहे, तिथे क्रेडिट ६० महिन्यांत विभागून पाहिलं जातं.

करमुक्त काम करणाऱ्यांना रिव्हर्स चार्ज, म्हणजे सेवा घेणाऱ्यानेच भरायचा कर, चुकत नाही. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या मालकाकडून व्यावसायिक जागा भाड्याने घेतली तर नोंदणीकृत भाडेकरूने १८ टक्के कर स्वतः भरायचा आहे. तालुक्याच्या ठिकाणी प्रशिक्षण केंद्रासाठी घेतलेला एखाद्या घरमालकाचा व्यापारी गाळा नेमका यात सापडतो. महिना ४०,००० भाडं असेल तर ७,२०० रुपये रोख भरायचे, आणि काम करमुक्त असल्याने ते क्रेडिटही मिळत नाही. दहा केंद्रं असतील तर वर्षाचे ८,६४,००० झाले. हा खर्च दरपत्रकात धरलेला मी क्वचितच पाहतो.

फक्त करमुक्त सेवाच देणाऱ्याला कलम २३ खाली नोंदणीची गरज नाही, उलाढाल २० लाखांच्या वर गेली तरीही. मात्र एकही करपात्र काम घेतलं की २० लाखांची मर्यादा मोजताना करमुक्त उलाढालही धरली जाते. वर्षभर ६० लाखांचं सरकारी प्रशिक्षण आणि मार्चमध्ये एका खाजगी कारखान्याची ३०,००० ची कार्यशाळा, एवढ्याने नोंदणी लागते.

उपकंत्राटाबद्दल फार गैरसमज आहेत. मुख्य संस्थेला सूट मिळाली म्हणून तिच्याकडून काम घेणाऱ्या संस्थेला मिळत नाही. उपकंत्राटदाराचा ग्राहक मुख्य संस्था, सरकार नव्हे. त्याने १८ टक्के लावायचेच, आणि मुख्य संस्थेला ते खर्चात धरावे लागतात. कामातला मोठा हिस्सा बाहेर देणार असाल तर हा १८ टक्क्यांचा भार निविदेआधी मोजा.

बिलापाशी आलं की

सूट घेत असाल तर टॅक्स इन्व्हॉइस नाही, बिल ऑफ सप्लाय, म्हणजे कर न लावलेलं बिल, द्यायचं (कलम ३१(३)(ग), नियम ४९). त्यावर सेवा शीर्ष, कार्यादेशाचा क्रमांक आणि अधिसूचनेची नोंद लिहा. जीएसटीआर-१ मध्ये ते तक्ता ८ मध्ये, जीएसटीआर-३बी मध्ये ३.१(ग) मध्ये दाखवायचं. लेखा शाखेतला माणूस “जीएसटी बिल आणा” म्हणतो म्हणून शून्य टक्क्यांचं टॅक्स इन्व्हॉइस करू नका. अशा कागदांमुळे विवरणपत्र आणि बिलं जुळत नाहीत आणि पडताळणीत तेच आधी उघडं पडतं.

त्याहून वाईट म्हणजे घोटाळा नको म्हणून करमुक्त सेवेवर १८ टक्के लावून मोकळं होणं. सुरक्षित वाटतं, पण गोळा केलेला कर कलम ७६ खाली सरकारजमा करावाच लागतो, विभागाला त्याचं क्रेडिट मिळत नाही, आणि तेवढ्या पैशात आणखी काही प्रशिक्षणार्थी शिकले असते. सरकारी योजनेतला प्रत्येक रुपया मोजून आलेला असतो, म्हणून हे मला मनापासून खटकतं. चूक वेळेत लक्षात आली तर क्रेडिट नोट काढून दुरुस्त करता येते. त्यालाही पुढच्या वर्षाच्या ३० नोव्हेंबरची मुदत आहे.

टीडीएस: करपात्र कराराचं मूल्य कर वगळून अडीच लाखांच्या वर असेल तर २ टक्के कापले जातात, राज्यांतर्गत पुरवठ्यात १ अधिक १. करमुक्त सेवेवर तो कापायचा नाही. आहरण व संवितरण अधिकाऱ्याने (कार्यालयाची देयकं काढणाऱ्याने) सवयीने कापलाच, तर पोर्टलवर आलेली नोंद स्वीकारा, रक्कम तुमच्या इलेक्ट्रॉनिक कॅश लेजरमध्ये (पोर्टलवरच्या रोख खात्यात) येते आणि वापरता किंवा परत मागता येते. नोंदणीच नसलेल्या संस्थेची रक्कम मात्र कुठेच जमा दिसत नाही, म्हणून बिलासोबतच “सेवा नोंद ७२ खाली करमुक्त, टीडीएस लागू नाही” असं पत्र जोडा. आयकराचा टीडीएस वेगळा, तो या कशानेही टळत नाही.

रक्कम मोठी आणि सोसायटीचं काम असेल तर अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे जा, ते कर लागेल की नाही हे आधीच ठरवून देतं. अर्ज जीएसटी एआरए-०१ मध्ये, शुल्क केंद्र आणि राज्य मिळून १०,०००, निर्णयाला ९० दिवसांची मुदत. अर्ज सेवा देणाऱ्याने करायचा, घेणाऱ्याने नव्हे. हा निर्णय अर्जदाराला आणि त्याच्या अधिकाऱ्याला बांधतो. दुसऱ्या संस्थेच्या निर्णयाची प्रत दाखवून तुमचं संरक्षण होत नाही. आणि अर्जासोबत करार, शासन निर्णय आणि निधी वर्ग झाल्याचे आदेश जोडले नाहीत तर उत्तर विरुद्ध जाण्याचीच शक्यता जास्त, कारण सगळा वाद कोण कोणाच्या वतीने काम करतं यावरच असतो.

शेवटच्या बिलासोबत कार्यालयाकडून एक प्रमाणपत्र घ्या: योजनेचं नाव, शासन निर्णय, एकूण खर्च, त्यात केंद्र आणि राज्याचा वाटा टक्केवारीसह, आणि संस्थेने विभागाच्या वतीने काम केलं असल्यास तसं स्पष्ट वाक्य. खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. उपयोगिता प्रमाणपत्राची प्रतही मागून ठेवा, कारण ७५ टक्क्यांचा प्रत्यक्ष आकडा त्यातच सिद्ध होतो. हे काम देयक मंजूर होताना करायचं, नंतर नाही. कायद्याने कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचे आहेत, आणि तोवर सही करणाऱ्या अधिकाऱ्याची दोनदा बदली झालेली असते.